पाडवा, मार्चअखेर आणि ‘छावा’ : सांगलीतल्या एका पुस्तकाच्या दुकानाचा २०२५ चा वसंत

सांगलीच्या जुन्या पेठेत पुस्तकांचं एक दुकान आहे. एक गाळा, मागे अंधारी खोली, वर पोटमाळा. अण्णांनी ते काढलं तेव्हा गाइडं आणि वह्यांवर चालायचं. आता त्यांची सून बघते आणि शालेय माल फक्त जूनपुरता ठेवते. गिऱ्हाईक तिला वहिनी म्हणतं, म्हणून इथेही वहिनीच. दुकानाचं नाव देत नाही, कारण पैशाअडक्याच्या गोष्टी मोकळेपणानं लिहायच्या आहेत. ते हिशेब मी पाहतो.

प्रकरण फेब्रुवारी ते मे २०२५ एवढ्याच दिवसांचं आहे. मराठी पुस्तकांच्या दुकानाला हे दिवस भरगच्च असतात. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, मग ग्रंथालयांची मार्चअखेर, पाडवा, ११ एप्रिलला फुले जयंती, १४ ला आंबेडकर जयंती, २३ ला जागतिक पुस्तक दिन आणि त्यापाठोपाठ मुलांची सुट्टी. रस्त्यावरून बघणाऱ्याला हा सणांचा मोसम वाटतो. गल्ल्यावर बसणाऱ्याला तो पैसा अडकण्याचा मोसम असतो. त्या वर्षी तर पाडवा आला ३० मार्चला, म्हणजे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, तोही रविवारी. सोमवारी ३१ ला ईद. आणि या सगळ्याच्या आधी एक सिनेमा लागला.

जुनं पुस्तक, नवं गिऱ्हाईक

‘छावा’ १४ फेब्रुवारीला लागला. तो ज्यावर बेतला ती शिवाजी सावंतांची संभाजी महाराजांवरची कादंबरी १९७९ ची, आणि सावंत आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातले, आजऱ्याचे. दुकानात तिच्या चार-दोन प्रती कायम असायच्या, त्या वर्षभरात सावकाश जायच्या. त्या आठवड्यात मात्र दुकानाची पायरी कधीही न चढलेली माणसं आत यायला लागली.

गॅरेजमध्ये काम करणारा एक पोरगा दारात उभा राहिला. ग्रीसचे हात पँटला पुसले, तरी पुस्तकाला हात लावेना.

“वहिनी, यात पिक्चरवानी सगळं हाय का?”

“पिक्चरपेक्षा जास्त आहे. वाचायला महिना लागेल.”

“लागू दे की.”

वहिनींनी रद्दी पेपरात गुंडाळून पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उघडलं नाही, तसंच काखेत मारलं आणि गेला.

एवढी मागणी आली की दुकानदाराला आनंद होतो असं समजू नका. आधी घाम फुटतो. अशा वेळी माल मिळतो तो रोखीनं, आणि परत घेण्याच्या बोलीवर मुळीच नाही. एरवी नवं पुस्तक काही महिन्यांच्या उधारीवर येतं, विकलं नाही तर परत जातं. गाजणाऱ्या पुस्तकाला हे नियम लागू होत नाहीत. शिवाय तेच पुस्तक ऑनलाइन कमी दरात दिसत असतं, आणि मागणी वाढली की चोरछपाईच्या प्रतीही कुठून ना कुठून येतातच. वहिनींकडे त्या वेळी जी रोकड होती ती ग्रंथालयांच्या ऑर्डरींसाठी बाजूला ठेवलेली. ती मोडून त्यांनी ‘छावा’चे गठ्ठे मागवले. माझा विरोध होता, आणि हिशेबाच्या बाजूनं तो रास्तच होता.

पहिले गठ्ठे हातोहात गेले. मार्चच्या मध्यानंतर ओघ आटला. शेवटचा गठ्ठा मे महिन्यातही पोटमाळ्यावर होता. चार आण्याचा फायदा झाला आणि दोन आणे अडकून बसले, असं ढोबळमानानं म्हणता येईल.

पण वहिनींनी त्या धांदलीत एक गोष्ट केली, ती मला तेव्हा निव्वळ वेळखाऊ वाटली होती. ‘छावा’ नेणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाचं नाव, गाव, फोन आणि ‘याआधी काय वाचलंय’ हे वहीत लिहून घेतलं. बहुतेकांचं उत्तर ‘काय नाही’ असं होतं. काही जण मात्र पंधरा दिवसांनी पुस्तक संपवून परत आले, ते एक प्रश्न घेऊन. सिनेमावरून तेव्हा चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत वाद चालू होते. ह्यातलं खरं किती, हे त्यांना हवं होतं. अशा माणसाला वहिनी दुसरी कादंबरी देत नाहीत. वा. सी. बेंद्रे यांनी संभाजी महाराजांचं साधार चरित्र १९६० मध्ये लिहिलं, त्यानंतर कमल गोखले यांचा अभ्यास आला. ही पुस्तकं जाड, तळटिपांची, सिनेमाच्या प्रेक्षकाला झेपतील असं कोणालाही वाटणार नाही. काहींनी चाळून परत ठेवली. काहींनी नेली. त्यातला एक जण हप्त्यानं पैसे देत होता, आणि त्याचा शेवटचा हप्ता एप्रिलमध्ये आला तेव्हा त्यानं कागदपत्रं म्हणजे नेमकी कुठली, ती कुठे बघायला मिळतात, असं विचारलं.

दुकानातलं ‘नवं वाचन’ हे असं असतं. पुस्तक सेहेचाळीस वर्षांचं, वाचणारा नवा.

ओव्यांची संध्याकाळ

फेब्रुवारीतली दुसरी गोष्ट आमच्या गावाच्या अभिमानाची. अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २१ ते २३ फेब्रुवारीला दिल्लीत झालं आणि अध्यक्ष होत्या डॉ. तारा भवाळकर. लोकसाहित्याच्या अभ्यासक, राहणार सांगली. संमेलनाच्या इतिहासात अध्यक्ष झालेल्या त्या सहाव्या स्त्री. मराठीला अभिजात दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ ला जाहीर झाल्यानंतरचं हे पहिलं संमेलन, त्यामुळे गाजावाजा बराच झाला. दुकानात ताराबाईंची पुस्तकं आधीपासून होती, ती दर्शनी फळीवर आली आणि बऱ्यापैकी खपली.

२७ तारखेला काय करायचं यावर दुकानात चर्चा झाली. सगळीकडे होतं तेच सुचवलं जात होतं : दीपप्रज्वलन, पाहुणा, भाषण, आभार. वहिनींनी फळ्यावर लिहिलं, ‘जात्यावरच्या ओव्या येतात त्यांनी सहा वाजता यावं. ऐकणाऱ्यांनीही.’ ताराबाईंनी आयुष्यभर ज्या बायकांच्या तोंडचं साहित्य अभ्यासलं, त्या बायकांपैकी काही याच पेठेत असणार, असा त्यामागचा सरळ विचार.

आल्या. मधला टेबल बाहेर काढला, सतरंजी घातली. पहिला अर्धा तास कोणी तोंड उघडेना, नुसतं ‘तू म्हण, तू म्हण’. मग एकीनं जातं नाही म्हणून गुडघ्यावर हात फिरवत सुरुवात केली, आणि हात फिरायला लागल्यावर शब्द आले. ते मी बघितलंय : हात थांबला की पुढची ओळ अडायची, फिरवला की यायची. शाळेतल्या दोन शिक्षिका ओव्या टिपून घेत होत्या, त्यांना त्या वेगानं लिहवेना.

त्या संध्याकाळी गल्ल्यात चहाच्या खर्चाएवढेही पैसे आले नाहीत. हे लिहून ठेवायला हवं, कारण ‘कार्यक्रम करा, विक्री वाढेल’ असं जो तो सांगत असतो. कार्यक्रमाला येणारा माणूस कार्यक्रमासाठी येतो. विक्री झाली तर ती नंतर, आडवाटेनं होते. इथे ती अशी झाली की त्या दोन शिक्षिकांपैकी एकीच्या गावात छोटं ग्रंथालय होतं, आणि त्याची मार्चची यादी आमच्याकडे आली.

३० आणि ३१ मार्च

आता मार्चअखेर. वाचकाला हा व्यवहार सहसा दिसत नाही, पण गावोगावची मराठी पुस्तकांची दुकानं बऱ्याच अंशी त्याच्यावर उभी आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान. ते हप्त्यांत येतं, आणि दुसरा हप्ता उशिरा. त्यामुळे वर्षभराची पुस्तकखरेदी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरकली जाते. बिलावर ३१ मार्चच्या आतली तारीख हवी, यादीतलं प्रत्येक पुस्तक हवं, आणि सवलतही हवी.

सवलतीचं गणित समजून घेण्यासारखं आहे. समजा पुस्तकाची छापील किंमत ४०० रुपये. प्रकाशकाकडून ते ३५ टक्के कमिशननं मिळालं, तर दुकानाच्या हातात १४० रुपये. ग्रंथालयाला २० टक्के सोडले की त्यातले ८० गेले. उरलेल्या ६० मधून पार्सलची हमाली, वाहतूक, वीज, पोऱ्याचा पगार. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे हे खरं, पण त्यामुळे दुकानाच्या भाड्यावर किंवा पॅकिंगवर भरलेला कर कुठे वळताही करून घेता येत नाही. आणि ग्रंथालयाचा चेक कधी येईल ते अनुदान आणि संचालक मंडळाच्या बैठकीच्या हातात.

‘छावा’त रोकड गेलेली, त्यामुळे त्या आठवड्यात यादीतली पुस्तकं उचलायला पैसे नव्हते. वहिनींनी काही याद्या अर्ध्या केल्या, दोन मोठ्या ग्रंथालयांना सरळ सांगितलं की यंदा जमणार नाही. त्यांनी दुसरीकडून घेतलं. जत आणि आटपाडीकडची लहान ग्रंथालयं मात्र सोडली नाहीत. कारण विचारलं तर म्हणाल्या, “त्यांच्याकडे दुसरं कोण जाणार? आणि ते घेतात ती पुस्तकं कपाटात राहत नाहीत, लोक वाचतात.” मी हिशेबनीस, मला या उत्तराचा पहिला भाग पटतो. ग्रंथालयांनी रविवार आणि ईद पुढे आहे म्हणून बिलं शुक्रवारीच मागितली, आणि तीन दिवसांचं काम एका रात्रीत झालं.

या गडबडीत पाडवा. दरवर्षी दुकान पाडव्याला सरसकट १५ टक्के सवलत द्यायचं. वर दाखवलेलंच गणित इथे लावा : १४० मधले ६० सोडले, हातात ८०. ग्रंथालयापेक्षा बरं, रोख तरी मिळते. पण त्याच दिवसांत प्रकाशक स्वतःच नव्या पुस्तकांची प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतात, थेट वाचकाला, दुकानापेक्षा कितीतरी जास्त. दुकानात येऊन पुस्तक चाळायचं, फोटो काढायचा आणि घरी जाऊन प्रकाशकाकडे नोंदवायचं, हे करणाऱ्याला मी दोष देत नाही. पैसे सगळ्यांचेच वाचायचे असतात. पण त्याच्याशी सवलतीत स्पर्धा करणारा दुकानदार खुळा.

२०२५ ला वहिनींनी सवलत बंद केली. त्याऐवजी वहीतून पन्नाससाठ वाचक निवडले आणि प्रत्येकाला एकच पुस्तक सुचवलं, फोन करून : ‘हे तुमच्यासाठी ठेवलंय, पाडव्याला येऊन बघा, नको असेल तर नका घेऊ.’ आलेल्यांपैकी बहुतेकांनी घेतलं. न आलेल्यांची पुस्तकं नावाच्या चिठ्ठीसकट फळीवर राहिली, आणि गंमत म्हणजे दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी बघून ती मागणारे निघाले. ‘हे कोणासाठी ठेवलंय, मलाच द्या’ असा प्रकार.

दारात पुस्तकांची गुढी उभारली होती. तिचे फोटो खूप निघाले. माझं मत विचाराल तर हा प्रकार फोटोपुरताच बरा. दुपारी एकपर्यंत उन्हानं वरच्या चार पुस्तकांची वेष्टनं वाकडी झाली आणि एकाचं बायंडिंग सुटलं. ती चार पुस्तकं नंतर ‘डाग असलेला माल’ म्हणून कमी किमतीत काढावी लागली.

नव्या पुस्तकांबद्दल एक गोष्ट जाता जाता. पूर्वी मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराच्या आसपास असायची. आता डिजिटल छपाईनं शंभर-दोनशे प्रतीही काढता येतात, त्यामुळे नवी पुस्तकं वाढली आणि दुकानातली फळी तेवढीच राहिली. स्थानिक कवी स्वतः येऊन दहा प्रती ठेवून जातात आणि दर आठवड्याला येऊन मोजतात. त्या दहाच असतात.

एप्रिल

११ आणि १४ एप्रिल हे दुकानाच्या दृष्टीनं वसंतातले सगळ्यात खणखणीत दिवस, आणि त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांच्या साहित्य पुरवण्यांत सगळ्यात कमी लिहून येतं. फुले-आंबेडकर जयंतीला पुस्तक विकत घेणं हा रिवाज आहे, जसा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर असतो. वहिनी दुकानाबाहेर टेबल मांडतात. वीस-तीस रुपयांच्या पातळ पुस्तिका, चरित्रं, बुद्धाविषयीची पुस्तकं आणि संविधान. कोणी घासाघीस करत नाही. आई, आजी, दोन मुलं असं कुटुंब येतं आणि प्रत्येकाच्या हातात वेगळं पुस्तक असतं. सुटे पैसे मात्र दुपारीच संपतात.

दरवर्षी एक निराशाही ठरलेली. शासनानं प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड लोक मागतात, आणि ते सगळे एका वेळी मिळत नाहीत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं या छपाईच्या रखडपट्टीची स्वतःहून दखल घेतली होती. त्या वेळी ज्यांनी वहीत नाव लिहिलं होतं, त्यातले काही अजून वाट बघताहेत.

२३ एप्रिलचा बेत मुलांसाठीचा होता. सुट्टी लागलेली असणार, संध्याकाळी सहाला मोठ्यानं वाचन, मग मुलांनीच पुस्तकं निवडायची. दोन कारणांनी तो बारगळला. पहिलं, राज्यात पहिली ते नववीच्या परीक्षा त्या वर्षी ८ ते २५ एप्रिल अशा एकाच वेळापत्रकात बसवल्या गेल्या. एरवी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच मोकळी होणारी पोरं २३ ला पेपरच्या अभ्यासात होती. पालकांनी फोनवर शाळेचा राग वहिनींवर काढला. दुसरं कारण २२ तारखेचं. पहलगामच्या हल्ल्यात २६ माणसं मारली गेली, त्यांत डोंबिवलीचे, पुण्याचे लोक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी फळ्यावरचा मजकूर पुसला. त्या दिवशी दुकान उघडं होतं, पण कार्यक्रम नव्हता.

मुलांचं वाचन शेवटी निकाल लागल्यानंतर, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात झालं. निम्मी मुलं तोवर आजोळी गेलेली. जी होती ती उकाड्यानं वैतागलेली, पंख्याखालच्या जागेवरून भांडणारी. वहिनींनी गोष्ट अर्ध्यावर थांबवली आणि पुस्तक बंद केलं. “पुढचं?” “पुढचं पुस्तकात आहे.” ही युक्ती जुनीच आहे, पण तीन मुलं आयांना घेऊन परत आली. चित्रांच्या पुस्तकांत तसंही कमिशन जास्त नसतं, आणि आया किंमत बघून म्हणतात, “एवढीशी पानं आणि एवढे पैसे?” रंगीत छपाईचा खर्च त्यांना समजावून सांगायला वहिनी आता प्रत्येकी पाच मिनिटं राखून ठेवतात.

टपाल

आता सगळ्यात कंटाळवाणा विषय, जो माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा. वहीतली निम्मी माणसं सांगलीबाहेरची. त्यांना पुस्तकं जायची ती टपालानं, नोंदणीकृत बुक पोस्टनं. स्वस्त, सुरक्षित, खेड्यापर्यंत पोचणारी सोय. १८ डिसेंबर २०२४ पासून टपाल खात्यानं ती बंद केली. त्यानंतर तेच पुस्तक साध्या पार्सलनं पाठवायचं तर खर्च कितीतरी वाढला. दोनशे रुपयांच्या पुस्तकावर दुकानाला सुटणारी रक्कम टपालखर्चातच जायला लागली. कुरिअर आटपाडीपर्यंत जातं, तिथून पुढच्या वाडीवर जात नाही. ‘छावा’च्या लाटेत आणि पाडव्याला जे वाचक मिळाले, त्यांतल्या गावाकडच्यांना वहिनी ‘बाजाराला आलात की या’ म्हणायच्या. एसटीच्या ड्रायव्हरच्या ओळखीवर काही पुस्तकं गेली, ती वेगळी.

१ मेपासून टपाल खात्यानं ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, त्यावर कर. जाते जमिनीवरच्या वाहतुकीनं, म्हणजे घाई असेल तर उपयोग नाही, पण पुस्तकाला घाई कसली? पहिल्याच आठवड्यात वहिनींनी वही काढून बसल्या बसल्या गावाप्रमाणे नावं लावली. चार-पाच पुस्तकांचा एक गठ्ठा एका गावातल्या एकाच्या नावानं, तिथून त्यानं वाटायचं. ग्रंथालयवाल्या शिक्षिकेनं आपल्या गावची जबाबदारी घेतली.

हिशेब असा. फेब्रुवारी ते मे या काळात विक्री आदल्या वर्षीपेक्षा वाढली. नफा जवळपास तेवढाच राहिला, कारण दोन मोठी ग्रंथालयं गेली आणि एक गठ्ठा अडकला. सवलत बंद करूनही पाडव्याची विक्री पडली नाही, हे मला अनपेक्षित होतं. कार्यक्रमांनी थेट काहीच दिलं नाही. वहीनं बरंच दिलं. ते किती, हे सांगता येत नाही, कारण ताळेबंदात तिच्यासाठी रकाना नाही.

मे संपता संपता दुकानात वेगळंच काम सुरू होतं. २०१९ च्या महापुरात या पेठेत पाणी शिरलं, २०२१ ला पुन्हा धास्ती. तेव्हापासून जूनच्या आधी खालच्या दोन फळ्या रिकाम्या करून माल पोटमाळ्यावर चढवतात. ‘छावा’चा उरलेला गठ्ठा आधीच वर असल्यानं जागा कमी पडली, आणि वहिनींनी तो खाली आणून छापील किमतीच्या निम्म्यानं काढायला लावला. २०२६ चा पाडवा १९ मार्चला, मार्चअखेरच्या चांगला बारा दिवस आधी. लहान ग्रंथालयांनी याद्या १५ फेब्रुवारीच्या आत द्यायच्या, तर १५ टक्के, नंतर १० टक्के, असं पत्र तेव्हाच तयार होतं. त्यातली सवलत मी अजून कमी करायला सांगत होतो. वहिनी ऐकत नव्हत्या.